स्टिअरिंग विद्यापीठाचं, ब्रेक प्रयोगशाळेचा

भविष्यकाळ सर्वप्रथम केंदूरला येणार असून तो उतरवून घ्यायची जबाबदारी माझ्यावर आहे, हे प्राचार्यांनी मला स्टाफरूमच्या दारात सांगितलं तेव्हा माझ्या एका हातात जेवणाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात डब्याचं झाकण. अशा अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो.

प्रकरण असं होतं. पुण्यातलं एक विद्यापीठ आणि पुण्यातलीच एक सरकारी प्रयोगशाळा मिळून ‘उद्याची वाहतूक’ या विषयावर संशोधन करत होती. उद्याच्या वाहतुकीत ड्रायव्हर नसणार, यावर दोघांचं एकमत झालं होतं. बाकी कशावरही झालं नव्हतं, पण ते मला नंतर कळलं. बिनड्रायव्हरची एक गाडी त्यांनी तयार केली होती आणि ती आता खऱ्या खेड्यातल्या खऱ्या रस्त्यावर चालवून दिल्लीच्या समितीला दाखवायची होती. गाव, रस्ता आणि बघे आमच्या शिरूरच्या कॉलेजनं पुरवायचे. चाचणी पार पडली की कॉलेज या संशोधनातलं तिसरं भागीदार होणार, आणि भागीदाराला भौतिकशास्त्राची अख्खी नवी प्रयोगशाळा मिळणार. फसली, तर दौंड तालुक्यातलं एक कॉलेज तयारच बसलं होतं.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा एक व्होल्टमीटर होता आणि टेबलावर चापट मारल्याशिवाय त्याचा काटा हलत नसे. प्रयोग मी करायचो, मुलं टाचा उंचावून बघायची, आणि परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक आम्हां सगळ्यांकडे बघायचे. या मुलांना एकदा तरी स्वतःच्या हातानं प्रयोग करता यावा, एवढीच माझी आयुष्यातली महत्त्वाकांक्षा उरली होती. म्हणून मी हो म्हटलं. डब्याचं झाकण कुठं ठेवलं ते अजून सापडलेलं नाही.

घरी आल्यावर बायकोला, प्रतिभाला, सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, "राहूला कळवू का?" राहू हे तिचं माहेर, दौंड तालुक्यात. मी नको म्हणेपर्यंत तिनं फोन फिरवला होता, आणि पलीकडून तिचे थोरले बंधू सोपानराव बोलत होते. सोपानरावांना जगातल्या प्रत्येक गोष्टीसाठी राहूच योग्य वाटतं.

"दाजी, केंदूरला कशाला नेता? तितला रस्ता काय रस्ता हाय व्हय! आमच्याकडं आणा. अन् तुमचं न्हाई जमलं तर काळजी करू नका, आमच्या तालुक्यातलं कॉलेज हाय की!"

सासुरवाडीच्या तालुक्यापुढं हरणं ही काय चीज असते, ते ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना सांगायला नको.

खरी चूक पुढंच झाली. ही बातमी मी शेजारच्या तात्याबांना सांगितली. तात्याबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उभी हयात शिरूर–पुणे रस्त्यावर गेलेली. बिनड्रायव्हरची गाडी ऐकताच त्यांनी पानाचा डबा मिटला.

"म्हंजी गाडीत ड्रायव्हर न्हाईच?"

"नाही."

"मग कुणी हात केला तर थांबायचं का न्हाई, ते कोण ठरवणार?"

भौतिकशास्त्रात याला उत्तर नाही.

"आन् गाडी लेट झाली तर शिव्या कुणाला द्यायच्या? मास्तर, निम्मं तिकीट तर लोक त्याचंच काढत्यात!"

मी प्राध्यापक आहे. तात्याबा मला मास्तर म्हणतात. शिरूरमध्ये सगळेच म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करत असे, तेव्हा लोक ‘प्रोफेसर मास्तर’ म्हणायला लागले. मग मी तो नाद सोडला.

यथावकाश गाडी ट्रकमध्ये बसून आली. सहाआसनी रिक्षाचा सांगाडा, पोटात बॅटऱ्या, कपाळावर कॅमेरा आणि मागच्या बाकावर पट्ट्यानं बांधलेला कॉम्प्युटर. ज्या सहाआसनीत आमच्याकडं पंधरा माणसं आणि एक बोकड सुखानं बसतात, तिच्यात एकट्या कॉम्प्युटरला जागा पुरत नव्हती. कॅमेऱ्याला जमिनीवरची पांढरी रेघ दिसली की गाडी त्या रेघेवरून जायची, आणि समोर काही आडवं आलं तर पुढच्या बंपरवरच्या यंत्राला ते कळून आपोआप ब्रेक लागायचा. निदान कागदावर तसं होतं.

गाडीबरोबर विद्यापीठाचे डॉ. गद्रे आणि प्रयोगशाळेचे डॉ. नायडू आले. दोघेही सज्जन, विद्वान आणि एकमेकांशी न बोलणारे. करारानुसार कॅमेरा आणि स्टिअरिंग विद्यापीठाचं, तर बॅटऱ्या आणि ब्रेक प्रयोगशाळेचा. गद्र्यांचा पाय चुकून ब्रेकला लागला की नायडू खोकायचे. नायडूंनी कॅमेऱ्याची काच पुसली की गद्रे ती पुन्हा पुसायचे. गाडी वळवायला एकाची संमती लागे, थांबवायला दुसऱ्याची. आमच्या भावकीतल्या विहिरीची वाटणीसुद्धा यापेक्षा समजुतीनं झाली होती.

"गाडी उत्तम आहे," गद्र्यांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "फक्त ब्रेकची खात्री देता येत नाही."

संध्याकाळी नायडूंनी मला दुसऱ्या बाजूला घेतलं. "ब्रेक फर्स्ट क्लास है. लेकिन वो टर्निंग नहीं लेती, सर. सीधा जाती है. पुणे में दीवार को लग गई."

ती भिंत कुणाच्या हद्दीत येते, यावर दोन्ही संस्थांचा पत्रव्यवहार अजून चालू होता. मी आपला शहाणपणा करून केंदूरच्या शाळेपासून दूध डेअरीपर्यंतचा रस्ता निवडला. दोरी लावून आखल्यासारखा सरळ. वळणाचा प्रश्नच नको.

मग परवानग्या सुरू झाल्या. वाहनांची नोंद करणाऱ्या कचेरीतल्या कारकुनानं अर्ज पुढं ओढला.

"चालकाचं नाव?"

"चालक नाही."

"आज आला नाही?"

"तो कधीच येणार नाही."

कारकुनाचा चेहरा पडला. ड्रायव्हर वारला असं त्याला वाटलं. त्यानं मला चहा मागवला आणि कसं झालं, घरी कोण कोण असतं, याची हळुवार चौकशी केली. खरा प्रकार कळल्यावर मात्र तो रागावला. त्याच्या मते चालक नाही त्याला वाहन म्हणताच येत नाही. ती फार तर हातगाडी, आणि हातगाडीचा दाखला ग्रामपंचायत देते. अशा रीतीनं एकविसाव्या शतकातली गाडी केंदूरच्या ग्रामपंचायतीत माझ्या नावावर हातगाडी म्हणून लागली. व्यवसायाच्या रकान्यात ग्रामसेवकानं आपल्या मनानं ‘भाजीपाला’ लिहिलं.

रस्त्याच्या खात्यात वेगळीच तऱ्हा. तिथले साहेब म्हणाले, "पांढरा पट्टा दुपदरी रस्त्याला असतो. हा एकपदरी. याला मधोमध पट्टा मारला की हा झाला दुपदरी. दुपदरी झाला की रुंद करणं आलं. रुंद करायचा म्हणजे दोन्ही बाजूच्या जमिनी आल्या. तुम्ही घेणार का जमिनी?"

मी घेणार नव्हतो. मी स्कूटरवरून केंदूरला गेलो आणि सरपंच म्हाळसाबाईंच्या ओट्यावर डोकं धरून बसलो.

म्हाळसाबाईंच्या सासरी पूर्वी मेंढरं होती. सासऱ्यांपर्यंत सगळे दरवर्षी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आता घरचा कांदा आणि झेंडू पुण्याच्या मार्केटला जातो. बाईंची लेक कारेगावला दिलेली. तिच्या खोल्यांत कारखान्यातली बिहारची मुलं राहतात, आणि लेकीकडं जाऊन-येऊन बाई भांडण्यापुरती हिंदी शिकल्या होत्या. यजमान, म्हणजे आबा, दिवसभर ओट्यावर बसलेले असत. त्यांच्या कमरेला भंडाऱ्याची पिशवी कायम. बोलणं कमी.

"रंग कशाला पायजे?" बाई म्हणाल्या. "फक्की मारा की. पोरं कबड्डीला मारत्यात तसली. तिला कुणाचा बा इचारतोय?"

फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड. गद्र्यांनी ती शाळेच्या पटांगणात ओढून बघितली. गाडी खुशीत त्या रेघेवरून गेली आणि रेघ संपल्यावर थांबली. महिनाभराच्या माझ्या कचेऱ्यांच्या वाऱ्या बाईंनी एका वाक्यात निकालात काढल्या. मला इतका आनंद झाला की मी त्याच संध्याकाळी गावची सभा बोलावली आणि भाषण केलं. भाषण करायची संधी आली की माझी जीभ सैल सुटते.

"मंडळी, ही गाडी रेघेवरून जाते. रेघ जिकडं, गाडी तिकडं. ही गाडी परक्याची समजू नका. आपल्या घरची समजा आणि सहकार्य करा!"

"रेघ वळली तर वं, मास्तर?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

"तर गाडी वळेल," मी विज्ञानावर पूर्ण श्रद्धा ठेवून सांगितलं. मागं नायडू खोकले.

चाचणीच्या दिवशी सकाळी मी स्वतः शाळेपासून डेअरीपर्यंत फक्कीची रेघ मारून घेतली. सोबत तात्याबा होते. ‘नुसतं बघायला’ म्हणून आले होते, पण अंगात खाकी सदरा होता. रेघ अशी सरळ आली की मला माझाच अभिमान वाटला. मग दिल्लीची समिती आली. अध्यक्ष मिश्राजी म्हणून होते, भारदस्त, गळ्यात मफलर. त्यांचा चहा, त्यांचं हातपाय धुणं, त्यांचा दुसरा चहा यात माझा वेळ गेला आणि रस्त्याकडं पुन्हा बघायचं राहून गेलं. तेवढ्यात राहूहून सोपानराव जीप भरून माणसं घेऊन आले. जीपमधून दौंडकडच्या त्या कॉलेजचे एक प्राध्यापकही उतरले. त्यांच्या हातातल्या पिशवीतून झेंडूचा हार डोकावत होता.

"असावा आपला जवळ," सोपानराव मला म्हणाले. "दाजी, येळ काय सांगून येती का?"

शाळेपुढं आधी सत्कार होता. मला शाल पांघरली. गद्र्यांना फेटा बांधून झाला, मग नायडूंना धरलं. गाडी हातानं थांबवायच्या बटणाचा डबा नायडूंच्या हातात होता. साहेबांचे हात मोकळे असावेत म्हणून आबांनी तो अदबीनं काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला. नायडूंच्या डोळ्यांवरून फेट्याचा पहिला पेच जात असताना गद्र्यांनी उत्साहाच्या भरात गाडी सोडली.

गाडी निघाली. रिकामं स्टिअरिंग आपोआप इकडं-तिकडं हलताना बघून बायाबापड्यांनी हात जोडले. टाळ्या पडल्या. प्रतिभानं माहेरच्या माणसांकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मला लग्नानंतर प्रथमच दिसत होती. सगळं छान चाललं होतं. आणि मधल्या लिंबाच्या झाडापाशी गाडी डावीकडं वळली.

मला आधी वाटलं माझी मान वाकडी झाली. मग दिसलं. लिंबाच्या पुढची माझी फक्की स्वच्छ झाडून, वर शेणाचा सडा टाकलेला होता. तिथून डावीकडं, चार बोटं जाड, झोकदार, दोन्ही अंगांना गोपद्मं काढलेली रांगोळीची रेघ बिरोबाच्या देवळाकडं गेली होती.

"वळली!" गद्रे किंचाळले. "अहो, वळली! तिला वळता येतं!" आणि पोरगं पहिल्यांदा चाललेलं बघून बाप धावतो तसे ते गाडीमागं धावले. त्यांच्या मागं मी, माझ्या मागं समिती, समितीच्या मागं गाव. तात्याबा सगळ्यांच्या पुढं जाऊन रिकाम्या सीटकडं बघून ओरडत होते, "क्लच! क्लच दाब, भावा!"

गाडी देवळापाशी पोचली. तिथं रेघ देवळाला वळसा घालून गेली होती. गाडीनंही वळसा घातला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" असा एकच गजर झाला आणि ढोल सुरू झाले. एक प्रदक्षिणा झाली. मी सुटकेचा श्वास सोडला. गाडीनं दुसरी सुरू केली.

मी म्हाळसाबाईंना गाठलं. त्या गावातल्या बायांबरोबर आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे.

"सरपंचबाई, हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजी? नवी गाडी हाय न्हवं? देवाला न दावता रस्त्याला लावायची व्हय? आमचा ट्रॅक्टर आणला हितं, मोटारसायकल आणली. तुमीच म्हणला, घरची समजा. तुमीच म्हणला, रेघ जिकडं गाडी तिकडं. बाया तुमची पाठ फिरल्यापासनं खपत्यात, मास्तर!"

"अहो पण ती थांबवायची कुठं?"

बाई विचारात पडल्या. गोल रेघेला शेवट नसतो, हे त्यांच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं.

"ते तुमी सभेत सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या.

गाडी फिरत राहिली. देवळापुढं खुर्च्या मांडल्या होत्या आणि मिश्राजी त्यांतल्या एकीवर बसून गाडीबरोबर मान फिरवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. दौंडच्या प्राध्यापकांनी पिशवीचं तोंड सैल केलेलं मात्र स्पष्ट दिसत होतं. गेली माझी प्रयोगशाळा, मी मनात म्हटलं. पुन्हा तो व्होल्टमीटर, पुन्हा ती चापट. खरंच रडू येईल असं वाटलं.

एवढ्यात नायडू धावत आले. फेटा अर्धाच बांधलेला, त्याचं दुसरं टोक हातात धरून फेटा बांधणारा त्यांच्या मागं पळतोय. "मेरा डिब्बा! डिब्बा किधर है?" डबा आबांच्या पिशवीत होता. आबांनी पिशवीत हात घातला, पण तो डब्यासाठी नव्हे. गाडी समोरून आली तसा त्यांनी ओंजळभर भंडारा काढला आणि "येळकोट!" म्हणून तिच्या कपाळावर उधळला.

कॅमेरा पिवळा झाला. गाडीला रेघ दिसेना आणि ती संपली की नाही हेही कळेना. ती वळसा सोडून सरळ खुर्च्यांच्या दिशेनं निघाली, आणि खुर्च्या अन् गाडी यांच्या मधोमध मी उभा होतो.

नंतर गावात सांगितलं गेलं की मास्तर छाती काढून आडवे झाले. तसं काही नव्हतं. मी पळणारच होतो, पण सत्काराची शाल पायात आली आणि तोल सावरायला मी दोन्ही हात पसरले. मागून प्रतिभा "अहो!" म्हणून ओरडली. मी डोळे मिटले. करकर आवाज झाला.

डोळे उघडले तेव्हा बंपर माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबला होता.

"ब्रेक!" नायडू आकाशाकडं हात करून ओरडले. "देखा? ब्रेक!"

"आणि वळणं!" गद्रे ओरडले, आणि करारात कुठंही तरतूद नसताना दोघांनी एकमेकांना मिठी मारली. फेटेवाला पळत आला तो त्यांच्याभोवती एक फेरी मारूनच थांबला, त्यामुळे विद्यापीठ आणि प्रयोगशाळा एकाच फेट्यात गुंडाळली गेली.

मिश्राजी उठले. ढोल थांबले.

"यह सब," त्यांनी सावकाश विचारलं, "आपके ट्रायल में था?"

गद्र्यांनी नायडूंकडं बघितलं, नायडूंनी माझ्याकडं. हो म्हणावं तर देवळासमोर खोटं बोलणं होतं. नाही म्हणावं तर हार पिशवीबाहेर. मी घसा खाकरून एक मोघम इंग्रजी वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात म्हाळसाबाई ताट घेऊन पुढं झाल्या.

"न्हाई साब. मास्तर को मालूम बी न्हाई. हमने किया. नया गाडी पैले देव को दिखाने का, फिर रस्ते पे."

आता संपलं, असं वाटून मी खाली बघितलं. खाली मिश्राजींचे पाय होते आणि ते बूट काढत होते.

"बिल्कुल सही," ते म्हणाले. "हमारे गाँव में भी नया ट्रैक्टर पहले देवी के थान पर जाता है." त्यांनी बिरोबाला हात जोडले, बाईंकडून कुंकू लावून घेतलं आणि मग समितीकडं वळून हसायला लागले. "पुणे की रिपोर्ट में लिखा है, गाड़ी मोड़ नहीं ले सकती. यहाँ तो उसने मोड़ के सिवा कुछ लिया ही नहीं! और रुकी भी." मग माझ्या पाठीवर थाप मारली. "प्रोफेसर साहब, लैब आपकी."

प्रोफेसर साहब. सबंध गावासमोर. मी प्रतिभाकडं बघितलं. ती डोळे पुसत हसत होती.

पुण्यात काटकोनात मारलेल्या बारीक पट्ट्यावर गाडी फसत होती आणि इथल्या जाड, गोलाकार रेघेवर ती रमली, एवढाच सगळा चमत्कार होता, असं गद्र्यांनी नंतर समजावलं. गावाला ते पटलेलं नाही. तात्याबा गाडीभोवती हिंडून शेवटी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, स्टिअरिंगवर हात फिरवला आणि निकाल दिला, "वळण बरं घेती. पण एकदा बी हॉर्न न्हाई दिला." दौंडच्या प्राध्यापकांनी तो हार उमदेपणानं माझ्याच गळ्यात घातला. सोपानराव तेवढे जीपमध्ये चढताना म्हणाले, "दाजी, आमच्या राहूचं देऊळ याच्याहून मोठं हाय. फेरी लांब पडली असती."

पुढं संशोधनाचा निबंध परदेशी मासिकात छापून आला. त्यात माझं नाव नाही, पण पानभर फोटो आहे. हात पसरलेले, डोळे मिटलेले, शाल पायात. खाली इंग्रजीत लिहिलंय, ‘मानवी अडथळा, मध्यम उंचीचा’. प्रतिभानं त्याच्या प्रती काढून राहूला पाठवल्या आणि प्राचार्यांनी एक चौकटीत बसवून नव्या प्रयोगशाळेच्या दारावर लावली. येणारेजाणारे बघून हसतात. हसू देत.

जूनमध्ये यंत्रं आली. खोकी फोडली, टेबलं लागली आणि पहिल्या प्रॅक्टिकलला प्रत्येक टेबलावर स्वतंत्र व्होल्टमीटर, स्वतंत्र तारा, स्वतंत्र भांडणं. सृष्टी नावाची एक गरीब स्वभावाची मुलगी वर्षभर मागच्या रांगेतून टाचा उंचावून बघायची. तिनं त्या दिवशी उलट्या तारा जोडून फ्यूज उडवला आणि पहिल्यांदाच खदाखदा हसली. तिचं बघून बाकीच्यांनीही उडवले. धूर, आरडाओरडा, "सर, माझा काटा हलला!" असा एकच कल्लोळ झाला. प्राचार्य धावत आले आणि दारातून ओरडले, "अहो, काय चाललंय काय इथं?"

"प्रॅक्टिकल," मी म्हटलं. "मुलं करतायत."